भजनात कुकरची शिट्टी कुठून आली?

मागच्या श्रावणात बेळगावातल्या वडगावच्या आमच्या आक्कांच्या माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली उतरली. आत बावीस कॅसेटी. काहींवर बॉलपेनाने लिहिलेलं: ‘आबा – काकडा’, ‘एकादशी १९८८, मागची बाजू अर्धी कोरी’. आबांना जाऊन वीस वर्षं झाली. आक्कांचा नातू बेंगळुरात संगणकाचंच काम करतो. दोन दिवसांच्या सुट्टीत त्याने जुना टेप लॅपटॉपला जोडला, चार कॅसेटी भरल्या आणि घरच्या ग्रुपवर टाकल्या. मी ऐकल्या. आबांचा आवाज पिंपात बसून गायल्यासारखा, टाळ मातकट, आणि गजर ऐन रंगात आलेला असताना कुकरची शिट्टी.

‘‘अरे, पहाटेच्या काकड्याला देवळात कुकर कोण लावला होता?’’ मी फोनवर विचारलं.

‘‘वायर तर लावली होती की मामा! खरं आवाज असाच आला.’’

शिट्टी १९८८ची नव्हती, परवाची होती. आक्कांच्या स्वयंपाकघरातली. वायर लावलेली होती हेही खरंच, पण लॅपटॉपने त्या वायरीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

झालं होतं असं. हल्लीच्या लॅपटॉपला आवाजासाठी बहुतेक एकच भोक असतं. त्यात हेडफोनही चालतो आणि माइकवाला हेडफोनही. माइकवाल्या हेडफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे पिनचे चार भाग होतात: डावा कान, उजवा कान, अर्थ (म्हणजे अर्थिंग, विजेची परतीची वाट) आणि माइक. नातवाने लावलेल्या वायरीची पिन साधी स्टिरिओ ईपी, म्हणजे हेडफोनची नेहमीची बारीक पिन होती. रेघा दोन, भाग तीन. लॅपटॉपने त्या पिनवर माइकचा चौथा भाग शोधला, मिळाला नाही, तेव्हा ‘हा नुसता हेडफोन दिसतोय’ असं ठरवलं आणि रेकॉर्डिंगसाठी स्वतःच्या पोटातला माइक चालू ठेवला. वायरीचं दुसरं टोक टेपच्या पाठीमागच्या ‘लाइन आउट’मध्ये, म्हणजे दुसऱ्या यंत्राला आवाज द्यायच्या भोकात होतं. इअरफोनच्या भोकात पिन घातली की टेपचा स्पीकर बंद होतो, लाइन आउटमध्ये घातली की होत नाही. तेव्हा स्पीकर खोलीत वाजत राहिला आणि लॅपटॉपचा टीचभर माइक तो ऐकत राहिला. सोबत पंखा, कुकर आणि पलीकडच्या घरातले माग.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. रेकॉर्डिंगचा मीटर चालू ठेवून लॅपटॉपच्या अंगावर नखाने टकटक करा. मीटरचा काटा उडाला तर तुम्ही वायरीतून नव्हे, हवेतून रेकॉर्ड करताय.

आता मुळात जोडायचं काय असतं ते बघू. कॅसेटच्या फितीवर आवाज चुंबकीय खुणांच्या रूपात असतो. टेपमधल्या हेड नावाच्या भागावरून फीत सरकते तशी हेडच्या गुंडाळीत बारीकशी वीज उमटते, आणि ती गाण्याच्या चढउताराप्रमाणे खालीवर होते. अॅनालॉग म्हणतात ते एवढंच: आवाज जसा हलतो तशी वीज हलते, मध्ये तुटक काही नाही. संगणकाला असं सलग हलणारं काही समजत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून त्याच्यातली एक चिप त्या विजेचा व्होल्टेज एका सेकंदात ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप टिपून ठेवते. वाजवताना उलटं: आकड्यांवरून पुन्हा वीज, विजेवरून स्पीकरचा पडदा.

एवढ्यांदा कशाला मोजायचं? माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्यांदा हलणारा आवाज ऐकू येतो, आणि एखादी लहर पकडायला ती दर सेकंदाला जितक्यांदा हलते त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावी लागते. म्हणून चाळीस हजारांच्या थोडं वर. घरगुती कॅसेटवर १५,००० हर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच, तेव्हा ९६ हजार, १९२ हजार हे आकडे बघून कुणी महाग यंत्र गळ्यात मारत असेल तर पैसे खिशातच ठेवा. कॅसेटसाठी ४८,००० आणि २४ बिट (बिट म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारकाईने टिपायचं ते) पुरून उरतं. तासाला साधारण एक जीबी जागा जाते, तेवढी हल्ली कुणाकडेही असते.

खरी गोम आकड्यांत नसते, ती विजेच्या मापात असते. आवाजाची वीज वेगवेगळ्या ताकदीची असते आणि सगळा घोळ इथेच होतो. माइकमधून येते ती अगदी अशक्त, काही मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा हिस्सा अशा मापात. टेपच्या लाइन आउटमधून येते ती साधारण ०.३ व्होल्ट. म्हणजे माइकच्या शंभरपट धरा. आणि स्पीकरला जाते ती त्याहून कितीतरी दांडगी: ८ ओहमच्या स्पीकरला १० वॅट द्यायचे तर जवळजवळ ९ व्होल्ट लागतात. ओढ्याचं, पाटाचं आणि मुख्य कालव्याचं पाणी एकाच रोपाला सोडलं तर काय होईल? संगणकाच्या माइकच्या भोकात लाइनची वीज सोडली की तेच होतं. आवाजाच्या लहरींचे शेंडे छाटले जातात आणि गाणं फाटतं. असा फाटलेला आवाज मागाहून कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट शिवला जात नाही, कारण छाटलेला शेंडा कुठे लिहिलेलाच नसतो.

टेबलावरचा जुना संगणक असेल तर त्याच्या मागे रंगीत भोकं असतात. गुलाबी माइकचं, हिरवं स्पीकरचं आणि निळं लाइन इनचं. आपल्याला हवं ते निळं. मी अजून एक तसला धुळकट डबा केवळ त्या निळ्या भोकासाठी सांभाळून ठेवलाय, बायको काहीही म्हणो. लॅपटॉपवाल्यांनी मात्र यूएसबीवर चालणारं, ज्याला आरसीए इनपुट, म्हणजे लाल-पांढरी गोल भोकं आहेत असं साउंड कार्ड घ्यावं. बेहरिंगरचं यूसीए-२०२ हे त्यातलं साधं. ते १६ बिटचं आहे, पण कॅसेटला तेवढंही चालतं: डेसिबल हे आवाजाच्या लहानमोठेपणाचं माप, १६ बिटमध्ये ९६ डेसिबलची जागा मिळते आणि साध्या कॅसेटचा आवाज व तिची खरखर यांच्यात ५०-५५ डेसिबलचंच अंतर असतं. चौकात शे-दीडशेला मिळणारी बोटभर यूएसबी कार्डं असतात, त्यांना बहुधा फक्त माइकचं भोक असतं, तेही एकाच कानाचं. ती फोनवर बोलायला ठीक आहेत.

वायर मागताना दुकानात ‘एका टोकाला स्टिरिओ ईपी, दुसऱ्या टोकाला दोन आरसीए’ असं म्हणायचं. हेडफोनची बारीक पिन ती ईपी, आणि माइक-मिक्सरला लागते ती जाड पिन पी-३८. हे दोन शब्द आले की दुकानदार तुम्हाला ओळखीचा समजतो आणि उगाच दुसरंच काही काढत नाही. आरसीएत लाल उजवा, पांढरा डावा. ईपीत टोक डावा, मधलं कडं उजवा, मागचा लांब भाग अर्थ.

टू-इन-वनला, म्हणजे रेडिओ-टेप एकत्र असलेल्या यंत्राला लाइन आउट नसेल तर इअरफोनचं भोक वापरा, पण मग टेपच्या आवाजाचं बटण तुमच्या हातचं राहतं. ते निम्म्याच्या आसपास ठेवून बाकीचं संगणकात जुळवा. बास आणि ट्रेबल मध्यावर. जुन्या टेपांत ते भोक कधी कधी एकाच कानाचं असतं, मग स्टिरिओ वायर लावली की संगणकात फक्त डावीकडे आवाज येतो. घाबरू नका, मागाहून डावा उजव्यावर उतरवता येतो. काही जुन्या टेपना अर्ध्या चंद्रात मांडल्यासारख्या पाच छिद्रांचं गोल सॉकेट असतं, डिन नावाचं. त्याच्या मधल्या, २ नंबरच्या छिद्रावर अर्थ, आणि वाजणारा आवाज ३ व ५ नंबरवर. १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी आत जायच्या वाटा आहेत, त्यांत शोधत बसू नका.

आता घुमघुम. आक्कांकडे मी माझं यंत्र नेऊन लावलं तर भजनाच्या खाली एक अखंड ‘ऊंऽऽऽ’. आक्का चहा घेऊन आल्या. ‘‘काय करूलास रे? तंबोरा लावलास काय?’’ तंबोराच म्हणा, फक्त षड्ज विजेच्या कंपनीचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची घुमघुम ५० आणि १०० वर येते. कारण असं की टेप एका प्लगमधून अर्थला टेकलेला, लॅपटॉप तीन पिनांच्या चार्जरमधून दुसरीकडे टेकलेला, आणि दोघांना जोडणारी आवाजाची वायर. अर्थची एक पूर्ण फेरी तयार झाली. तिच्यातून थोडीशी वीज फिरत राहते आणि ती गाण्यात मिसळते. उपाय फुकटचा आहे: लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा. दहातल्या सात वेळा आवाज तिथेच थांबतो, आक्कांकडेही थांबला. टेबलावरच्या संगणकाला बॅटरी नसते, तिथे दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरीही राहिलं तर वायरीच्या मध्ये बसणारा छोटा आयसोलेटर मिळतो. त्यात इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज पलीकडे जातो पण तारेला तार भिडत नाही. प्लगची अर्थची जाड पिन मोडून घुमघुम घालवायची एक जुनी गावठी विद्या आहे. ती करू नका. ती पिन गाण्यासाठी नाही, तुमच्या जिवासाठी आहे.

वडगाव, शहापूर, खासबागकडे आणखी एक पाहुणा येतो. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर त्याची मोटर सुरू-बंद होताना लायनीत झटके बसतात आणि रेकॉर्डिंगमध्ये टक्‌ टक्‌ येतं. मी तिथलं काम दुपारी जेवणाच्या वेळी करतो, माग बंद असतात तेव्हा. मोबाइलही वायरीपासून हातभर लांब.

पण या सगळ्याच्या आधीचं एक काम आहे आणि नव्वद टक्के लोक ते टाळतात: कॅसेट आणि टेप तपासणं. आपल्याकडचा पाऊस माहीत आहे, खानापूर बाजूला तर विचारूच नका. माळ्यावरच्या कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीकडे तिरकं बघा. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी कॅसेट टेपमध्ये घातली की बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर बसते. ती बाजूला ठेवायची, वाळवायची, मग हलक्या हाताने साफ करून शेवटी वाजवायची. चांगल्या कॅसेटीही बरीच वर्षं पडून असतील तर वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठवालीपेक्षा पातळ असते, तिला जास्त जपा.

टेपचं हेड आणि काळा रबरी रोलर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचे. पहिल्या काडीवर तपकिरी चिखल येतो. तो कुणाचं तरी गाणंच आहे, फितीवरून खरवडलेलं. माझा स्वतःचा डेक मी एकदा एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. त्याने ‘फिरत नाही’ म्हणून आतमध्ये चक्क तेलाचा फवारा मारला. फिरायला लागला, पण रोलरवर तेल गेल्याने फीत घसरायची आणि प्रत्येक आलापाला हेलकावे. रोलर, पट्टा बदलेपर्यंत दोन महिने गेले. तेव्हापासून मी झाकण स्वतः उघडतो.

आता हेडचा कल. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला छोटा स्क्रू असतो. फीत हेडवरून जाताना हेडची फट तिच्याशी अगदी काटकोनात हवी. आबांचं भजन ज्या टेपवर भरलं त्याचं हेड केसभर तिरकं असेल, तर आज सरळ हेडवर ते मातकटच वाजणार. म्हणून कॅसेट चालू ठेवून, डावा-उजवा एकत्र करून ऐकत, तो स्क्रू पाव फेरी इकडे, पाव फेरी तिकडे फिरवायचा. आक्कांकडे फिरवत असताना एका क्षणी टाळ एकदम समोर आले, कुणी खोलीचं दार उघडल्यासारखे. स्क्रू आधी कुठे होता तिथे मार्करने खूण करून ठेवा, कारण पुढची कॅसेट दुसऱ्या टेपवर भरलेली असू शकते. हे जे इथे मिळतं ते संगणकात ट्रेबल वाढवून मिळत नाही. ट्रेबल वाढवला की खरखर तेवढी वाढते.

संगणकात ऑडॅसिटी नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरे. २०००पासून आहे, फुकट आहे. रेकॉर्डिंगचं साधन म्हणून तुमचं यूएसबी कार्डच निवडलंय ना ते बघा. विंडोजमध्ये आवाज ‘सुधारण्याच्या’ सगळ्या सोयी बंद करा, त्या मीटिंगमधल्या बोलण्यासाठी असतात. गाण्यातला लांबलेला स्वर त्यांना पंख्याचा आवाज वाटतो आणि त्या तो दाबून टाकतात. आवाजाची पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोराच्या गजरालाही मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. शून्याला टेकला की फाटला. कॅसेटवर रेकॉर्ड करताना काटा लालमध्ये गेला तरी चालायचं, तो माज इथे चालत नाही.

मूळ रेकॉर्डिंग वॅव्ह किंवा फ्लॅक जातीच्या फाइलमध्ये आहे तसं ठेवा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर. फ्लॅक जागा कमी घेतं पण काही टाकून देत नाही, एमपी-३ टाकून देतं. ग्रुपवर पाठवायला एमपी-३ ठीक. खरखर काढायची असेल तर ती प्रतीवर, आणि जपून. खरखर काढणारं सॉफ्टवेअर गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या जागेवरून खरखरीची ओळख करून घेतं आणि तशा जातीचा आवाज सगळीकडे कमी करतं. भजनात अडचण अशी की टाळांचा झंकार विरत जातो तेव्हा तो वरच्या पट्टीत खरखरीच्याच शेजारी राहतो. जास्त सफाई केली की टाळ वाजल्यासारखे न वाटता चमचे आपटल्यासारखे वाटतात. मी ६ डेसिबलच्या पुढे सहसा जात नाही. आबांचं दोन अभंगांमधलं खोकणं काढू का, असं मी आक्कांना विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही.

तबकडीवाल्यांसाठी थोडक्यात, कारण तो वेगळाच विषय आहे. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणारी वीज माइकइतकीच अशक्त, ५ मिलिव्होल्टच्या आसपास. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर मुद्दाम जास्त केलेले असतात, खर्जाने खाचा रुंद होऊन जागा खाऊ नये म्हणून. १९५४पासून याला आरआयएए नावाचं एक ठरलेलं माप आहे. ते उलटवणारा आणि वीज वाढवणारा फोनो प्रीअॅम्प नावाचा डबा मध्ये लागतो, नाहीतर गाणं पत्र्यासारखं वाजतं. आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना एलपीची सुई लावू नका, त्यांची खाच तिप्पट-चौपट रुंद असते. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व पोरवयात गाऊ लागले तेव्हा घरच्या साध्या माणसाला स्वतःचा आवाज साठवायची सोय नव्हती, कंपनीने बोलावलं तरच तबकडी निघायची. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढे ती वडगावच्या आबांपर्यंत पोचली. म्हणून तबकडीची दुसरी प्रत कुठेतरी सापडू शकते. पेटीतल्या कॅसेटची नाही.

उरलं उलट काम, संगणकातून मोठ्या यंत्रावर वाजवणं. एक गोष्ट आधी: कर्ण्यांसाठीच्या ॲम्प्लिफायरच्या मागे ७० किंवा १०० व्होल्टचं आउटपुट असतं. मंडळाचं भजन ‘थेट’ रेकॉर्ड करायला त्यावरून लॅपटॉपला वायर घेतलीत तर लॅपटॉप गेला समजा. मिक्सरवर ‘रेक आउट’ किंवा ‘टेप आउट’ असतं, ते आपलं.

आणि वाजवताना ही गंमत. यंदाच्या गणपतीत आबांचं भजन मांडवात लावायचं ठरलं. नातवानेच लॅपटॉपच्या भोकातून एक स्टिरिओ वायर घेऊन तिची पी-३८ पिन मिक्सरच्या एका माइक-लाइनच्या भोकात घातली. आवाज सगळा वर केला तरी काही नाही. लांबून मुंगीने गुणगुणावं तसं काहीतरी. मग त्याने एक नवं सिनेमाचं गाणं लावून बघितलं, तर ढोल-बासरी वाजतेय आणि गाणारी बाईच गायब. मिक्सर बिघडला म्हणून धावपळ सुरू झाली.

मिक्सरचं ते भोक ‘बॅलन्स्ड’ असतं. पिनच्या टोकावर आणि कड्यावर येणाऱ्या विजेतला फरक तेवढा ते घेतं, दोन्हीकडे सारखं असेल ते वाटेत शिरलेली घाण समजून टाकून देतं. माइकच्या लांब वायरीसाठी हे उत्तम. पण लॅपटॉपच्या पिनमध्ये टोकावर डावा कान आणि कड्यावर उजवा. गायकाचा आवाज नेहमी मधोमध, म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखा. तो वजा होऊन गेला. आबांचं रेकॉर्डिंग तर अख्खंच एका कानाचं, मीच डावा उजव्यावर उतरवलेला. त्यातलं काही उरायचा प्रश्नच नव्हता.

सायकलवरून घरी जाऊन मी ती वायर आणली, एका टोकाला ईपी आणि दुसऱ्या टोकाला दोन सुट्या पी-३८, एक डावीची, एक उजवीची, दोन वेगळ्या भोकांत. तोपर्यंत आरतीची वेळ झाली होती, तेव्हा आबा आरतीनंतर वाजले.